कापलेला समास

ती. आत्यास,

तुझ्या धांदल्याचा वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? (लोकरीचं फडकं बांधत जा. शेजारणीला सल्ले देऊन ते बरे होणार नाहीत.) आम्ही सगळे ठीक. माझी नोकरी शाबूत आहे, हे मुद्दाम लिहितो, कारण मागच्या आठवड्यात ती जाता जाता राहिली.

विद्यापीठाच्या बाइंडिंगखात्यात मी बावीस वर्षं प्रबंधांना पुठ्ठे चढवतोय आणि आजवर एकही वाचलेला नाही. आमचं काम शिवायचं, खळ लावायची, दाबाखाली ठेवायचं आणि कटिंग मशीनवर कडा सरळ करायच्या. तर मानवी हक्क केंद्राच्या प्राध्यापक बाईंनी एक गठ्ठा आणून दिला. हॉटेलांच्या तळघरांतल्या धुलाईखान्यांत राबलेल्या सत्तावीस बायकांच्या जबान्या. (तू हॉटेलात फुलदाण्या लावायचीस, तुला तळघरातलं काय ठाऊक असणार.) त्यासाठी बाई तीन वर्षं दारोदार फिरल्या होत्या. मालक म्हणत होते, आमच्याकडे कुणाला कधी इजा झालीच नाही. सोमवारी चौकशी समितीपुढे हे पुस्तक ठेवायचं होतं. बाई जाताना म्हणाल्या, नीट करा. आता मला कुणी नीट कर म्हटलं की काय होतं ते तू जाणतेस. तुझ्या पडद्याची झालर सरळ करता करता मी पडदा निम्म्या खिडकीवर आणला होता.

पानापानाच्या समासात शाईचा एकेक गुळगुळीत डाग होता. आमच्या धंद्यात डाग म्हणजे वैरी. मी समास अंगठाभर जास्त कापला. पुस्तक इतकं देखणं झालं की मीच त्यावरून दोनदा हात फिरवला. बाईंनी ते उघडलं आणि स्टुलावर बसल्या. ते डाग म्हणजे त्या बायकांचे अंगठे होते. वर्षानुवर्षं सोड्याच्या पाण्यात राहून त्यांच्या बोटांवरच्या रेषाच गेल्या होत्या, म्हणून ठसा ठशासारखा दिसत नव्हता, आणि तोच तर पुरावा होता. बाईंनी तिथूनच एकेकीला पुन्हा अंगठा द्यायला यायचा निरोप धाडला. त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

शनिवारी सत्तावीसच्या सत्तावीस जणी पुन्हा आल्या, माझ्या त्या खळीच्या वासाच्या खोलीत. वाचून दाखवल्याशिवाय अंगठा लावणार नाही म्हणाल्या. चौथ्या पानावर बाईंचा आवाज बसला. नाट्यविभागाच्या मास्तरीणबाई नाटकाची जाहिरातपत्रकं न्यायला आल्या होत्या, त्यांनी पान हातात घेतलं आणि चादर पिळण्याचा अभिनय करत छान वाचायला लागल्या. तेवढ्यात एक म्हातारी उठली. म्हणाली, "ओली चादर एवढी हलकी नसते गं. सरक, मी दाखवते."

तिने दाखवलं. हातात काही नव्हतं, पण खोलीतले सगळे ओझ्याने वाकले. मग एकामागून एक सगळ्या जणी आपापलं पान बोलल्या. मास्तरीणबाईंबरोबर आलेली पोरं पत्रकांचे गठ्ठे धरून दारातच उभी होती. आत्या, मी थक्क झालो. बावीस वर्षं मला वाटायचं की पुस्तकं कपाटात जातात आणि तिथेच राहतात. सोमवारी ते पुस्तक सत्तावीस बायकांबरोबर जिने चढून समितीपुढे गेलं. तिथेही पानं वाचून दाखवावी लागली नाहीत, त्या तशाच उभ्या राहून बोलल्या. समास उरला नव्हता, म्हणून अंगठे थेट ओळींवर उमटले होते. अध्यक्षांनी भिंग मागवून एकेक पाहिला. दुसऱ्या दिवशी बाई आल्या, माझ्या पाठीवर थाप मारली आणि पुढच्या वेळी आधी विचारा म्हणाल्या.

थोरामोठ्यांस नमस्कार, शेजारणीस सहानुभूती.

तुझा,
धांदल्या

ता. क. माझी छत्री तुझ्याकडे राहिली आहे. पाठवू नकोस. तूच घेऊन ये.

पुन्हा ता. क. छत्री इथेच दाराआड सापडली. तरी ये.

शेवटचा ता. क. तुझ्याही अंगठ्याला रेषा नाहीत. लहानपणी विचारलं की म्हणायचीस, तुझं तोंड पुसून पुसून झिजल्या. आत्या, माझं तोंड एवढं मोठं कधीच नव्हतं. समिती महिनाअखेरपर्यंत नव्या जबान्या घेणार आहे. मी एक कोरं पान शिवून ठेवलंय. समास चांगला चार बोटं सोडलाय आणि कटिंग मशीनची किल्ली बाईंना देऊन टाकली आहे.