मोडीतल्या चार वह्या

प्रिय बाबा,

परवा इंदिरा नगरच्या नव्या घरात सामान लावताना तुमची ट्रंक उघडली. स्वेटरांच्या तळाशी चार वह्या. सगळ्या मोडीत! म्हणून आज लिहायला घेतलंय. तुमच्याशी भांडायचंय, आणि माफीही मागायचीय.

आईला विचारलं, तर म्हणाली, "मला काय ठाऊक बाई? आणीबाणी होती. दार लावून लिहायचे. मी चहा ठेवून जायचे, इतकंच."

चिनूनं वही उलटसुलट करून पाहिली. "मम्मी, नानाजी की राइटिंग इतनी गंदी थी?" तुमच्या नातीला मराठी कळतं, बोलते मात्र हिंदीच. मी तिच्यावर कुठल्या तोंडानं रागावू? मला तरी कुठे वाचता येतंय!

आठवतं, लहानपणी दर रविवारी पाटी देऊन बसवायचात? आधी आडवी रेघ, मग तिच्याखाली अक्षरं, हात उचलायचा नाही. "पेशव्यांचे कारकून हे झरझर वाचायचे, नलू. मग छापखाना आला, सरकारनं शाळेतून काढली, आणि आता आजोबांचं पत्र नातवाला वाचता येत नाही." मी म्हणायचे, "बाबा, यहाँ लखनऊ में कौन पढ़ता है ये सब!" आणि पळायचे. माझं नाव तेवढं शिकले.

मग आणीबाणीचं ते वर्ष आलं. विद्यापीठात तुमच्याच इतिहास विभागात शिकवणाऱ्या शुक्लाकाकांना पोलीस घेऊन गेले. त्याच आठवड्यात वर्गात हुकूमशहांचा धडा आला, आणि तुम्ही पुस्तक मिटलंत. "ये आप लोग घर पर पढ़ लीजिएगा." मी तुमच्याच वर्गात होते हो! मान वर करता येईना.

घरी येऊन काय बोलले मी! "फ्रान्स, जर्मनी, सगळ्या जगाला नावं ठेवता आणि स्वतः घाबरट!" तुम्ही कपबशी खाली ठेवलीत, खोलीत गेलात, दार लावलंत. त्यानंतर आपण धड बोललोच नाही. माझं लग्न झालं, चिनू झाली, तरी तो विषय निघाला नाही. आणि गेल्या थंडीत तुम्ही गेलातच.

पोलिसांच्या हाती लागलं तरी कळू नये म्हणून मोडीत लिहिलंत ना? अहो, पण मी काय पोलीस होते? माझ्यापासूनही लपलं की हो ते!

पानापानावर "नलू" दिसतं. बाकी नुसत्या रेघा. नावापुढे काय लिहिलंय, बाबा? रागावलात? समजावलंत? का घाबरलोच होतो म्हणालात?

गणपतीला जमणारी सगळी मराठी घरं पालथी घातली. बँकेतले, लॅबमधले, कुणालाच मोडी येत नाही. हे म्हणतात, पुण्याला पाठव, कुणीतरी उतरवून देईल. नाही पाठवत. तुम्ही मला जे सुनावलंय, ते परक्यानं आधी का वाचावं?

पुण्याहून मोडीचं पुस्तक मागवलंय. रोज एक तास बसते आणि रडकुंडीला येते. पण शब्द देते बाबा, चारही वह्या मीच वाचीन, शेवटच्या पानापर्यंत. चिनूलाही शेजारी बसवीन. पळाली तर धरून आणीन; तुम्ही मला पळू दिलंत, तसं मी करणार नाही.

खाली सही मोडीत केलीय. हात उचलला नाही. चुकली असली तर सांगायला आता कोण आहे?

तुमची,
नलू