बिशपना अर्ज करू नकोस

घेंट, संत मार्टिनच्या सणानंतरचा गुरुवार

प्रिय माबेली,

थोरल्या बहिणीचा तुला आणि मुलांना आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण लोकर विंचरायला गुडघे लागत नाहीत. तू पाठवलेलं चीज पोचलं. अर्धं इथला कारभार बघणाऱ्या मोठ्या बाईंनीच फस्त केलं, वर म्हणाल्या, जरा खारट आहे.

बाबांचं अंग लुळं पडल्याचं वाचलं. ते माझं नाव घेतात, तुला एकटीला ते उचलवत नाहीत, म्हणून माझी शपथ सोडवायला तू पाद्रीबाबांकरवी बिशपना अर्ज करते आहेस, हेही वाचलं. तो अर्ज आजच थांबव. आणि हे पत्र पाद्रीबाबांना दाखवू नकोस.

सोडवायला शपथच नाही, माबेली. आम्ही बेगीन बायका देवाचं करत एका आवारात राहतो, पण आम्ही काही नन नाही. इथं राहू तोवर नेम पाळायचे, लग्न करायचं नाही. निघायचं म्हटलं तर गाठोडं उचलून फाटकाबाहेर पडायचं. गेल्या वर्षी समोरच्या खोलीतली एक गेली, पाववाल्याशी लग्न करून सुखात आहे. पण बाबा मला त्या रंगारी गिलिसच्या गळ्यात बांधायला न्यायला आले, तेव्हा मी फाटकातूनच ठोकून दिलं, "आता जन्मभराची शपथ झाली, बाबा." त्यांनी माझ्यापुढे टोपी काढली आणि माघारी गेले.

ती थाप मग निस्तरायची राहून गेली. खरं सांगायचं तर सोयीची होती.

आई गेली तेव्हा तू लिहिलं होतंस, "तू शपथेत अडकलेली, तुझा काय दोष." आम्हाला लोक मरणाऱ्यांच्या उशाशी बसायला बोलावतात, ते तुला माहीत आहे. त्या आठवड्यात मी एका चांभाराच्या आईचा हात धरून स्तोत्रं म्हणत बसले होते. आपलं घर नावेनं एका दिवसावर. मला येता आलं असतं. आले असते तर थाप उघडी पडली असती, म्हणून आले नाही. फार लाज वाटते गं.

काल मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. म्हणाल्या, "जा. पण गेलेलीला खोली परत मिळत नाही, ठाऊक आहे ना?"

ठाऊक आहे. खोली सोडली.

सोमवारच्या नावेनं येते. बाबांना खरं काय ते मीच सांगेन. मला घरात घ्यायचं की नाही, ते तू ठरव. नाही घेतलंस तर शेजारी कुठेतरी पडून राहीन, पण बाबांना उचलायला रोज येईन.

आईच्या वेळी न आलेली,
तुझी बहीण
आवेझूत