तळघरातली मेणबत्ती

१० नोव्हेंबर

चि. वुकाशिन,

आशीर्वाद. सूनबाई आणि माझ्या दोन्ही नाती बऱ्या असतील. माझं अक्षर लागलं नाही तर अंदाजानं वाच.

परवा आपल्या कुळाच्या संताच्या दिवशी सगळ्यांत आधी कोण आलं असेल? शेजारची ल्युबिंका. त्या दिवशी पाहुण्यांनी न बोलावताच यायचं असतं, पण मेली दिवस उजाडताच हजर! कोबीचे गुंडाळे खाताखाता म्हणाली, "घराला रंग दिलास का गं? वास येतोय." रंग कसला! गिरणीच्या वळणावर थिनरचा टँकर उलटला होता, आणि ते गटारातून वाहत आपल्या कुंपणाशी आलं होतं.

मागोमाग अग्निशमनवाले. त्यांचा साहेब, झिवोयिन त्याचं नाव, दारातूनच म्हणाला की बटणाला हात लावू नका, शाळेत चला. आत काही पेटतं आहे का, असंही विचारलं. मी नाही म्हटलं.

शाळेतली बाकं लहान मुलांची, माझे गुडघे धरले. ल्युबिंका तिथंही खातच होती. खिडकीतून ती माणसं आपल्या गल्लीत वाळू टाकत, फेस मारत शिरताना दिसली. आठ जण. मग मला बसवेना.

वुकाशिन, संताची मेणबत्ती मी पेटतीच तळघरात लपवली होती. ती मध्येच विझली तर घरचा पुरुष जातो, असं तुझी आजी सांगायची. तुझे बाबा गेल्यावर घरचा पुरुष तू एकटा. सहा वर्षांत आला नाहीस, तरी आहेस.

बाहेर जाऊन साहेबाला गाठलं, सगळं सांगितलं. पांढराफटक पडला. "आजी, ही वाफ जड असते. आधी तळघरातच उतरते." त्यानं माणसं मागे घेतली. निघताना मात्र विचारलं, "वाइन कुठंय? आणि घरच्या पुरुषाचं नाव काय?"

यंत्रानं हवा मोजत तो एकटाच आत गेला. वाफ अजून अंगणातच होती, देवाची कृपा. परत येऊन म्हणाला, "फुंकर नाही मारली. रीतीप्रमाणे वुकाशिनच्या नावानं वाइनचे थेंब सोडून शांत केली." मला रागावलासुद्धा नाही. रागावला असता तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सगळं आवरल्यावर आठही जण आपल्याकडे जेवले. संताच्या नावानं भाजलेला पाव कापला, शिळा होता तरी पुरला नाही. बाबा असताना भरायचं तसं घर भरलं रे! किती दिवसांनी मी कुणाला आग्रह केला.

आता विहीर बंद. चौकातून बादल्या आणून कंबर मोडली. उशीलाही तो वास. फार थकले.

तुझी वाट बघणारी,
आई

ता.क. विहिरीचं पाणी तपासायला ते परत येणार आहेत, जेवूनच जातील. आठ ताटं त्यांची, एक जास्तीचं मांडणार आहे. पुढच्या रविवारी, एकोणीस तारखेला.