चौथा अंगठा

२ फेब्रुवारी, सोमवार

आले बाई एकदाची केडगावात! देवळाली प्रवरेहून दोन एसट्या, एक रिक्षा आणि मांडीवर आईने दिलेला शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. तो रिक्षात सांडला आणि माझा नवा पंजाबी ड्रेस लाल झाला. पण आज मला राग नाही. आज मी खूश आहे. नोंद करून ठेवते, कारण असं वरचेवर होत नाही.

नोकरी काय, तर खेळ खेळून बघायचा. पप्पांनी विचारलं, म्हणजे दिवसभर पत्ते कुटणार? मी म्हटलं, पत्ते नाहीत, गुन्ह्याचा तपास. बोर्डवर एका गावाचा नकाशा असतो. साक्षीदारांची कार्डं असतात. कार्डावरचा चौकोन टॅबने स्कॅन केला की साक्षीदार बोलायला लागतो. चौघांनी एकमेकांविरुद्ध नाही, एकमेकांच्या साथीने खेळायचं. कोडी सोडवायची, आणि शेवटी चौघांनी स्क्रीनच्या चार कोपऱ्यांवर अंगठे ठेवले की एकमत झालं, केस बंद.

मालक रविराज सर गोड बोलतात. धनश्री चित्रं काढते. तुषार ॲप बनवतो आणि मान वर करून बघत नाही. या ऑफिसात सगळंच अंगठ्यांनी ठरतं. दुपारच्या चहात आलं घालायचं का, यावरही चौघांनी टेबलावर अंगठे टेकवले. मला हसू आवरेना. चाचणीच्या वेळी मोबाईल मात्र खालच्या कपाटात ठेवायचे, गुपित फुटू नये म्हणून.

आजच पहिली केस खेळलो. गावातली मास्तरीण बेपत्ता आहे. सर म्हणाले, उत्तर 'स्वतःहून निघून गेली' असं आहे. मला ते पटलं नव्हतं, पण आम्हा तपासणाऱ्यांची सवयच अशी, की पुढचा स्क्रीन बघायला मिळावा म्हणून वाटेल त्याला हो म्हणायचं. ठेवला अंगठा. केस बंद.

४ फेब्रुवारी, बुधवार

आज डोकं फिरलं. चुकांची यादी केलीये, ती इथेही लिहिते, कारण सर ती वाचत नाहीत, नुसते हसतात.

नकाशावर एक भोकांचं कार्ड ठेवायचं असतं. भोकातून एसटीचा थांबा दिसला पाहिजे, म्हणजे बाई गाडीने गेली हे कळतं. माझ्या कार्डातून दिसतो पाण्याचा आड. दुसरं कार्ड घेतलं, तरी आड. खाली पुठ्ठा कापायच्या मशीनवर जाऊन त्या माणसाला चांगलं झापलं. त्याने साचा दाखवला. भोक थांब्यावरच होतं. वर आणून ठेवलं, तर आड! मीच वेडी ठरले.

दुसरं, वेळ संपत आल्यावर घड्याळाचा जो आवाज येतो तो टिकटिक नाहीये. कुणीतरी पत्र्यावर आतून मूठ आपटतंय असा आहे. ठक, ठक, ठक, मग थांबून ठक. तुषारला म्हटलं, हा आवाज बदल. तो पांढराफटक पडला. म्हणाला, त्याने घड्याळाला आवाज टाकलेलाच नाही.

आणि पाणी! मागच्या अंगणात जमिनीखाली एवढी मोठी टाकी आहे, आणि पाणी प्यायचं जारचं. टाकीच्या पत्र्याच्या झाकणावर पुठ्ठ्याचे गठ्ठे रचून ठेवलेत. हा काय कारभार?

९ फेब्रुवारी, सोमवार

फाटकाशी एक म्हातारी उभी होती. छबूबाई. हिवरे बाजारच्या अलीकडच्या वाडीची. दर सोमवारी अकरा वाजता येते म्हणे. धनश्री खिडकीचा पडदा ओढून म्हणाली, लक्ष देऊ नकोस, डोक्यावर परिणाम झालाय तिच्या. मला पडदे ओढलेले आवडत नाहीत. मी खाली गेले.

तिची मुलगी रेश्मा इथेच होती. माझ्याच खुर्चीवर! मास्तरणीची सगळी केस रेश्माने लिहिली, कोडी तिची, नकाशा तिचा, मास्तरणीचा आवाजही तिचाच. आणि खोक्यावर नाव कुणाचं? रविराज. मागच्या पावसाळ्यात ती घरी गेली नाही. कंपनीने सांगितलं, न सांगता निघून गेली.

छबूबाईने पिशवीतून एक कागद काढला. घडी करून करून फाटत आलेला. म्हणाली, ''त्या चित्रवाल्या पोरीनं वाचून दावला हुता. मनली, पोर सापडावी म्हनून अर्ज हाय, दे अंगठा.'' मी कागद वाचला. त्यात लिहिलंय की माझी मुलगी स्वतःच्या मर्जीने गेली असून माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही. खाली तिचा निळा अंगठा.

तळपायाची आग मस्तकात गेली. त्या माउलीला खरं काय ते वाचून दाखवलं. ती रडली नाही. फक्त म्हणाली, ''माझी पोर मला न सांगता जायाची न्हाई, बाई. जिती असंल न्हाईतर मेली असंल, मला दाव.'' मी तिला शब्द दिला. पुढच्या सोमवारपर्यंत शोधून देईन. मावशी म्हणाले मी तिला. आता माघार नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत एकटीने केस लावली. बाहेर लख्ख ऊन. मास्तरणीचं कार्ड स्कॅन केलं. रेश्माचा आवाज आला. आधी नेहमीचीच, बेपत्ता होण्याआधीची साक्ष होती. मग ती थांबली. मग म्हणाली, पाणी गळ्यापर्यंत आहे.

हे वाक्य संहितेत नाही. मी संहिता तीनदा वाचली.

तुषारचा खोडसाळपणा असेल म्हणून त्याला बोलवून ऐकवलं. त्याच्यासमोर तिने साधीच साक्ष दिली. तो खोलीबाहेर पडला आणि टॅबमधून पुन्हा ठक, ठक, ठक. मी घाबरले, होय, घाबरले. पण घाबरण्यापेक्षा राग जास्त आला. मेले, तू कुणाच्या नावाने ठोकतेस ते सांग तरी!

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

नकाशा गावाचा नाहीच. मूर्ख मी!

कोपऱ्यातल्या खिडकीत उभी होते, तिथून फाटकही दिसतं आणि मागचं अंगणही. हातात बोर्ड होता. पार म्हणजे आमचं फाटक. चावडी म्हणजे पुठ्ठ्याची मशीन. शाळा म्हणजे ही चाचणीची खोली. रेश्माने समोर दिसेल ते गाव म्हणून काढलंय. आणि मागच्या अंगणात, बरोबर त्या जागी, आड —

टाकी.

नुसता नकाशा घेऊन चौकीवर गेले तर हसतील. कुणाच्या तरी तोंडून वदवायला हवं. तुषार फुटेल. सोमवारी. शांतपणे, एकट्याला गाठून, आवाज न चढवता. यशोधरा, एकदा तरी आवाज चढवू नकोस.

१६ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी १०.२५

चढवला. सगळ्यांसमोर.

चहाच्या आल्यासाठी अंगठे मागितले आणि माझा तोल गेला. टेबलावर हात आपटून विचारलं, टाकीत काय आहे? तुषार रडायलाच लागला. सगळं ओकला. खोक्यावर नाव हवं म्हणून रेश्मा सरांशी भांडली. अंगणात झटापट झाली. टाकी धुवायला उघडली होती, पाणी अजून उपसलं नव्हतं, ती आत पडली. शिडी नव्हती. चार दिवसांवर पुण्याचं प्रदर्शन होतं. माणसं बोलावली असती तर चौकशी झाली असती. सर म्हणाले, आपण ठरवू. झाकण लावलं आणि वर आले. या टेबलावर अंगठे ठेवले.

ती तेव्हा आतून वाजवत होती. तुषारने हे सांगितलं. वाजवत होती आणि तिघांनी अंगठे ठेवले! माणसं आहात का कोण आहात? मी हे तोंडावर विचारलं. धनश्री नखं बघत राहिली.

सर हसले. म्हणाले, झालेल्या गोष्टीवर पुन्हा एकमत करू. तिघांचे अंगठे टेबलावर. मी थुंकले त्या टेबलावर. मग ते उठून बाहेर गेले आणि दाराला बाहेरून कडी —

१०.४०

मोबाईल खाली आहे. खिडकीला जाळी. ओरडून घसा बसला. पुठ्ठ्याची मशीन चालू आहे, काही ऐकू जात नाही.

अंगणात गठ्ठे हलवताहेत. झाकणावरून.

टॅब आपोआप सुरू झाला. नवीन केस आहे. बेपत्ता: यशोधरा, वय सत्तावीस. साक्षीदार तीन. मी कार्ड लावलेलं नाही तरी बोलताहेत. धनश्री म्हणते, फार चिडकी होती. तुषार म्हणतो, कुणाशी पटायचं नाही तिचं. सर म्हणतात, न सांगता निघून गेली.

होती. होती. अजून आहे मी इथे!

१०.५०

स्क्रीनवर चार कोपरे. चारही भरलेत. चौथा कुणाचा, मी तर दिलाच नाही —

खाली तारीख आहे. दोन फेब्रुवारी.

'स्वतःहून निघून गेली.' मीच ठेवला होता. पुढचा स्क्रीन बघायला. रेश्मा टॅबमधून म्हणाली, ताई, तूपण दिलास.

चुकले गं. पटलं नव्हतं मला, तरी दिला. चुकले.

१०.५८

मावशी आली! फाटकाशी उभी आहे. एक पान फाडलं, मोठ्या अक्षरात लिहिलं — रेश्मा टाकीत आहे, मला कोंडलंय, पोलीस आणा. आईच्या चटणीच्या डब्याच्या झाकणाला गुंडाळून जाळीच्या फटीतून टाकलं. तिच्या पायाशीच पडलं. पाहिलं तिने. उचललं.

११.०१

कडी काढताहेत.

मावशीने कागद उलटा धरलाय. तिला वाचता — अगं मी कशी विसरले — मावशी, रस्त्यावर जा, कुणालाही दाखव, दुकानात दाखव —

फाटकातून धनश्री बाहेर गेली. हसतेय. मावशीने कागद तिच्याकडे वाचायला दि— नको, मावशी, तिला न