यायला काय पडतं

अप्पा, तुमचा एक प्रश्न इतकी वर्षं माझ्याकडे पडून आहे. सोलापुरात, गिरणीच्या चाळीतल्या आपल्या खोलीत तुम्ही तो विचारलात, तेव्हा मी कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपातली नोकरी सोडून कुवेतला निघालो होतो. बहात्तरचा दुष्काळ सरला होता, पण रेशनची लाल, परदेशी मिलो ज्वारी अजून ताटातून हटली नव्हती. आखातात माणसं धाडणारा टेंभुर्णीचा एजंट पाटावर बसून चहा पितोय, आई त्याला तिकडचे भाव विचारतेय आणि मी मनात इथला खर्च नि तिथला शेजारी शेजारी मांडतोय. खोली कंपनीची, जेवण कंपनीचं. साबण, चहा, केस कापणं एवढंच आपलं. ज्वारी म्हणे मिळतच नाही आणि पाणी मात्र विकत. "पानी इकत घ्याचं?" आई हबकलीच. पण कसंही मोजलं तरी कुवेत स्वस्त पडत होतं. माझे पाय काही जमिनीवर नव्हते.

तुम्ही पाळी संपवून आला होतात, केसांत कापसाचा भुगा तसाच. बराच वेळ खोकलात आणि म्हणालात, "आन् कोन मेलं तर यायला काय पडतं?"

एजंटाची कपबशी हातातच राहिली. मयताच्या पेटीपासून सगळं कंपनी बघते, असं काहीतरी तो पुटपुटला. आई भडकली. "दिवेलागणीला असलं बोलू नगा. वास्तू तथास्तू म्हनत असती." मला तुमचा भयंकर राग आला. पोरगं उंबऱ्यातून निघायच्या आत बाप त्याची तिरडी बांधतोय, असं वाटलं. अंगावर पाल पडावी तसं ते वाक्य मी झटकत राहिलो. तिकडे उंच मचाणावर वेल्डिंगला चढलो की तेच आठवायचं. वास्तू तथास्तू म्हणालीच आहे, आज ना उद्या आपली पाळी, असं मी धरूनच चाललो होतो.

वर्ष सरायच्या आत तार आली, ती तुम्ही गेल्याची. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, आणि करार संपायच्या आधी जायचं तर तिकीट आपलं, ते माझ्या शिलकीत बसेना. ऑफिसच्या खिडकीशी उभं राहून मी मोडक्या हिंदीत विचारलं, घरी कोणी मेलं तर जायला किती लागतात. विचारता विचारताच तुमचा प्रश्न मला कळला. तुम्ही माझं मरण काढलंच नव्हतं. एजंट यायच्या आधीच तुम्ही दवाखान्यात छातीचा फोटो काढून आला होतात, हे आईलाही मागाहून समजलं. मी घरी पोचलो तोवर तुमचं वर्षश्राद्ध होऊन गेलं होतं.

आता माझा मुलगा टोरांटोला निघालाय. काल जेवताना त्यानं मोबाइलवर इथले नि तिथले खर्च लावून दाखवले. भाडं, वीज, दूध, बसचा पास, काही म्हणून सोडलं नव्हतं. हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही, म्हणून तुम्हाला सांगतो: गेल्या आठवड्यात माझ्याही छातीचा फोटो निघाला. घरात कोणाला ठाऊक नाही. मुलानं विचारलं, "पप्पा, यात काही राहिलं का?"

प्रश्न अगदी ओठांवर आला होता, अप्पा. मी कांद्याचा भाव विचारला.