एक काच, तीन डॉक्टर

४ मार्च, मंगळवार
तिसऱ्या डॉक्टरांचाही तोच निवाडा — शस्त्रक्रिया! सौभाग्यवतीच्या गळ्यातील गाठ कर्करोगाची, विलंब अक्षम्य. आवाज राहील? "सांगता येत नाही." ती रेडिओवर निवेदिका. अर्धे शहर तिच्या आवाजाने जागे होते.

५ मार्च
निद्रा नाही, तस्मात् गणित. संकटसमयी इतरांस देव आठवतो, संभाव्यतेच्या प्राध्यापकास अपूर्णांक. प्रत्येक डॉक्टर दहांत एकदा चुकतो असे धरू. तिघेही चुकण्याची शक्यता — हजारात एक! सिद्धता निर्दोष, सिद्धकर्ता घामाघूम. १७ मार्चची शस्त्रक्रिया निश्चित केली.

७ मार्च
जेवताना उपरोक्त सिद्धता तिला ऐकवली. धीर देण्याची ही माझी पद्धत!
"अहो, पण तिघांना दाखवलंत काय?"
"स्लाइड. सुईने काढलेला गाठीचा नमुना, काचेवर."
"तीच तिघांना?"
"तीच! जिवापलीकडे जपून नेली."
"म्हणजे शिंपी तीन, माप एकच. मापच चुकलं असेल तर तिन्ही झगे बिघडणार की!"
हात ताटातच राहिला. स्वतंत्र घटना कोणत्या, अवलंबी कोणत्या — दरवर्षी फळा भरभरून मीच शिकवतो! गुणाकार स्वतंत्र घटनांचा. येथे काच चुकली तर तिघेही एकदम चुकणार. ती तीन मते नव्हतीच. एका काचेचे तीन प्रतिध्वनी. आणि त्या हजारात एकवर मी हिचा गळा कापायला निघालो होतो.

८ मार्च
नवी प्रयोगशाळा, नवी सुई. "दुखलं का गं?" — "तुमच्या सिद्धतेपेक्षा कमी."

१० मार्च
फोन नाही. दोनदा उचलून पाहिला, बिघडलेलाही नाही!

११ मार्च
गाठ साधी! निरुपद्रवी!! शस्त्रक्रिया रद्द. जुन्या प्रयोगशाळेत जाऊन यथाशक्ती गर्जना केली. कबुली मिळाली — त्या दिवशी गळ्याचे नमुने दोनच आले होते, एक हिचा, एक दुसऱ्या बाईचा. चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली. घरी येऊन स्वयंपाकघरात नर्तन केले. वय व देहभार पाहता अतिदुर्मीळ घटना. ती हसली, मग एकाएकी गप्प झाली. आनंदातिरेक असावा.

१२ मार्च
सकाळी पाहतो तर ती चपला घालून दारात.
"चला, प्रयोगशाळेत."
"आता कशाला?"
"अहो, माझी काच त्या दुसऱ्या बाईच्या नावावर गेली ना? ती घरी निश्चिंत बसली असेल."