सोजरबाईची केस आणि माझा कणा

वाशीम, १९३८

३ फेब्रुवारी, गुरुवार

आज सोजरबाईची केस हातात घेतली. बाई माळीण. गावाबाहेर तिची नि नवऱ्याची, चंपतची, भाजीची वाडी. उदयसिंगाने वांग्यांतून बैलगाडी घातली, चंपत आडवा आला, तेव्हा लाठीने त्याचा उजवा हात मोडला. साक्षीदार चार. डॉक्टरचं सर्टिफिकेट पक्कं. मला फक्त उभं राहायचं आहे.

उदयसिंग हा मदनसिंगबाबूंचा पुतण्या. बाबू नव्या असेंब्लीचे मेंबर. म्हणजे दडपण येणार. येऊ दे! सरकारी वकील कुणाच्या बापाचा नोकर नाही. (सरकारचा आहे, पण ते वेगळं.)

माझी मुदत मार्चअखेर संपते. वाढवणं नागपूरच्या हातात, आणि नागपुरात बाबूंचं वजन आहे. याचा इथे काही संबंध नाही. सहज लिहिलं.

५ फेब्रुवारी, शनिवार

सोजरबाई टोपलीभर वांगी घेऊन आली. परत पाठवली. फिर्यादीच्या घरचं देठसुद्धा घेणार नाही, असं ठणकावलं. ती म्हणे, "सायेब, लाच नोहे थे, वांगे हायेत. उद्या सडतीन." तरी नाही! आमच्या मंडळींचं, ललिताबाईंचं, तोंड वाकडं, कारण घरात भाजी नव्हती. तत्त्वाला किंमत पडते.

संध्याकाळी रामकिसन मुन्शीला नेहमीप्रमाणे बारा कोऱ्या कागदांवर सह्या करून दिल्या. तारखा मागायचे अर्ज तो आठवडाभर वर लिहून घेतो. आठ वर्षांची आमची सिस्टिम. ही म्हणाली, कोऱ्या कागदावर सही करू नये. बायकांना ऑफिस कळत नाही.

८ फेब्रुवारी, मंगळवार

बाबूंकडून संत्र्यांची करंडी. परत करणार होतो. पण परत केली तर त्यांना वाटायचं, वकील घाबरला. ठेवून घेतली. भीत नाही हे दाखवायला सहा खाल्ली.

९ फेब्रुवारी, बुधवार

बाबू स्वतः ऑफिसात. म्हणाले, "वकीलसायेब, पोरगं हाय, झालं गेलं. केस मांगं घेता येते म्हन्तेत. कायदा हाय काय तसा?"

मी ताठ बसून सांगितलं. आहे. कलम ४९४. सरकारी वकिलाने अर्ज करायचा, कोर्टाने परवानगी द्यायची. कारण मात्र सबळ लागतं. 'पुरावा अपुरा' असं चालतं. कायदा समजावला, बस. अज्ञानाशी लढायलाच हवं.

नंतर त्यांचं तोंड पाहायची इच्छा नव्हती, म्हणून सरळ उठून बाहेर गेलो. आत ते नि रामकिसन अर्धा तास बोलत होते. काय बोलले ते मी विचारलंसुद्धा नाही. इतका अलिप्त मीच राहू जाणे.

१२ फेब्रुवारी, शनिवार

कारंज्याहून आमंत्रण! सोमवारी 'निर्भय न्याय' या विषयावर माझं व्याख्यान. जायला मोटार बाबूंची. मुद्दाम हो म्हणालो. जळू दे त्यांचं पेट्रोल.

सोमवारीच सोजरबाईची तारीख आहे, पण एका तारखेने काही बिघडत नाही. सह्या चालू असताना रामकिसनने विचारलं, "सायेब, सोमवारच्या अर्जात काय लिहू?" मी म्हणालो, योग्य ते लिही, मला डिटेलमध्ये ओढू नकोस.  मग त्याने पुढचा कागद सरकवला.

१४ फेब्रुवारी, सोमवार. कारंजा, संध्याकाळ

व्याख्यान जबर झालं. 'दडपणापुढे वाकतो तो वकीलच नव्हे' या वाक्याला टेबलावर मूठ आपटली. पाण्याचा पेला खाली. टाळ्याच टाळ्या. पहिल्या रांगेत उदयसिंग बसला होता, सर्वांत जोरात त्याच्याच. आज याची वाशीमला तारीख होती ना? इतका खुशीत कसा, असं क्षणभर मनात आलं. पण टाळ्या थांबेनात.

१५ फेब्रुवारी, मंगळवार

घात! केस मागे घेतली गेली. अर्ज आहे, कारण 'पुरावा अपुरा', खाली सही माझी. आरोपी काल दुपारीच मोकळा.

रामकिसनला फैलावर घेतलं. तो थंडपणे म्हणे, "तुमीच तं म्हनले, योग्य थे लिही. कलम बी तुमीच सांगतलं. माहं काय चुकलं?"

कोर्टात जाऊन सांगावं का, की सही कोऱ्या कागदावर होती? मग आठ वर्षांचे सगळे अर्ज उकरून काढतील. शिवाय स्वतःची सही नाकारणं हा भ्याडपणा. मी भ्याड नाही! सही माझी, आणि मी तिच्या मागे ठाम उभा आहे. हे हिला सांगितलं. ही म्हणाली, "तिच्या मागंच लपलात म्हणा." जेवलो नाही. थोडंच जेवलो.

१९ फेब्रुवारी, शनिवार

नागपूरचं पत्र आलं. मुदत तीन वर्षांनी वाढली, 'निःपक्षपाती कामाबद्दल'. शेवटी गुणाची कदर होते.

खुशीत स्वतः भाजीबाजारात गेलो. सोजरबाईकडे वांगी मागितली, रोख पैसे पुढे केले. आता केस नाही, तत्त्वाचा प्रश्न नाही. तिने टोपलीवर पोतं ओढलं. "तुमाले नाही देत. केस लढले असते तं फुकट देल्ले असते."

शेजारी चंपत. उजवा हात गळ्यात, डाव्याने तराजू धरलेला. पारडं थरथरत होतं, म्हणून गिऱ्हाईक पुढच्या दुकानाकडे सरकत होतं. त्याने मला डाव्या हातानेच रामराम केला. मला फार लागलं ते.

मी तिला समजावलं, बाई, अर्ज मी लिहिला नाही, सही तेवढी माझी. ती उठून उभी राहिली. "मंग हेच सांगा नं वरच्या सायबाले! मी उद्या सकाळी अकोल्याले चालली, सोमवारी थितलं मोठं कोर्ट उघडन. दुसरा वकील भेटन, नाही तं एकलीच बोलीन. तुमी येता काय?"

विचार करून सांगतो म्हणालो. ती म्हणे, "करा. मी सकाळीच निंगतो."

घरी येताना ठरवलं. बस्स झालं! राजीनामा. आजच्या आज. टेबलाशी बसलो, कागद शोधला. समोर बारा होते, पण प्रत्येकाच्या खाली सकाळीच केलेली माझी सही. वर एक ओळ लिहिली की काम झालं असतं.

पण ते ऑफिसचे कागद. खासगी कामाला सरकारी कागद वापरणं माझ्या तत्त्वात बसत नाही. बाराच्या बारा रामकिसनला देऊन टाकले.